शांभवीच्या मुखाशी

मत्स्यगंधा एक्सप्रेस सकाळी उडुपीला बरीचशी रिकामी झाली आणि तिथून थोड्याच वेळात आम्ही दोघी मुल्कीला उतरलो, तेव्हा फलाटावर उतरलेली माणसे मोजून सात होती. गेल्या डिसेंबरातली, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीची ती सकाळ. रात्रभरात गाडीने आमचे सगळे कोकण मागे टाकले होते. रोह्यापासून सुरू होणारा कोकण रेल्वेचा मार्ग मुल्कीच्या पुढे दोन स्थानकांवर, ठोकूरला संपतो, त्यामुळे परक्या मुलखात आल्यापेक्षा आपल्याच किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आल्यासारखे मला वाटत होते.

मी मूळची वेंगुर्ल्याची आणि गेली 22 वर्षे पुण्यात राहते. माझे वय 47 आहे. लहानपणी झोपताना समुद्राची गाज ऐकू येत असे, पण आमच्या घरी मुलींनी गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचे नाही असा नियम होता आणि तो मी कधी मोडला नाही. त्यामुळे आयुष्याचा अर्धा काळ समुद्राजवळ काढूनही लाट आतून कशी असते, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी गोव्यात, आश्वेच्या किनाऱ्यावर, सर्फिंग शिकून घेतले आणि तेव्हापासून ‘आत्या, तू एकदा तरी पाण्यात ये’ असा तिने माझ्यामागे धोशा लावला होता. शिकायचेच तर जिथे बघ्यांची गर्दी नाही अशा ठिकाणी शिकेन, असे मी तिला सांगितले, आणि तिने मुल्कीचे नाव काढले.

मुल्की हे राष्ट्रीय महामार्ग 66 वरचे एक साधे गाव आहे. मंगळूर आणि उडुपी या दोन मोठ्या गावांच्या जवळजवळ मध्यावर ते येते, आणि बहुतेक प्रवासी त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात. बप्पनाडूच्या दुर्गापरमेश्वरीचे देऊळ या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे; बप्पा ब्यारी नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याची नाव शांभवी नदीत अडली आणि त्याने देवीचे देऊळ उभारले, अशी त्याची कथा लोक आजही आदराने सांगतात. समुद्र मात्र गावात नाही. त्यासाठी नदीच्या कडेकडेने, नारळांच्या बागांमधून, पश्चिमेला जावे लागते. आम्ही जिथे उतरलो होतो ते घर एका कोंकणी बोलणाऱ्या कुटुंबाचे होते. घरातल्या आजींनी ‘तुम्मी खंयचे?’ असे विचारले आणि मी मालवणीत उत्तर दिले, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. पुढचे सहा दिवस त्यांच्या कोंकणीवर आणि माझ्या मालवणीवर आमचे सगळे व्यवहार नीट चालले.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिल्यांदा जाणवते ती तिथली मोकळी जागा. सुरूच्या झाडांची रांग, वर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि गोळीबजे व चहा देणारे एक छोटे दुकान, एवढेच तिथे आहे. छत्र्या नाहीत, खुर्च्या नाहीत, कर्ण्यावरची गाणी नाहीत, पाण्यात फिरवणाऱ्या मोटरबोटी नाहीत. अशा जागेला आपण सहज ‘अविकसित’ म्हणतो आणि त्या शब्दात काहीतरी व्हायचे राहून गेल्याची खंत असते. सहा दिवसांनंतर तो शब्द या किनाऱ्यासाठी वापरणे मला अवघड वाटू लागले. तिथे जी लाट उठते ती नेमकी त्या मोकळेपणामुळे उठते, हे मला पाण्यात उतरल्यावरच कळले, आणि आज लिहायला बसले आहे ते मुख्यतः त्यासाठी.

या गावात सर्फिंग आले त्याला आता 20 वर्षांहून अधिक काळ लोटला. जॅक हेबनर नावाचे अमेरिकी गृहस्थ तरुणपणापासून लाटांवर फळी चालवणारे होते. पुढे वैष्णव संन्यास घेऊन ते स्वामी नरसिंग झाले आणि त्यांचा आश्रम मुल्कीला होता. तिथेच 2004 मध्ये मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला आणि देशातला पहिला सर्फ क्लब म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पहाटे जप, मग समुद्र, मग शाकाहारी जेवण, असा तिथला क्रम असे. किनाऱ्यावरच्या मोगवीर कोळ्यांची मुले आधी नुसती बघायला येत आणि मग हळूहळू फळ्या मागून घेऊन पाण्यात उतरू लागली. भारतीय सर्फिंग महासंघ 2011 मध्ये स्थापन झाला आणि 2016 च्या मे महिन्यात मुल्कीजवळच्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर पहिली ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ स्पर्धा भरली. फळीवर उभे राहून वल्ह्याने ती चालवण्याच्या प्रकारात देशाकडून खेळलेली तन्वी जगदीश मुल्कीचीच आहे. एवढे सगळे होऊनही गाव मुळातून बदलले नाही, याचे मला नवल वाटले. स्पर्धेच्या दिवसांत मांडव पडतो, स्पर्धा संपली की तो उतरतो आणि किनारा पुन्हा होड्यांचा होतो.

आता लाटेविषयी. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या समुद्राला मिळण्याआधी एकमेकींना मिळतात आणि मग एकाच मुखाने बाहेर पडतात. मुखाच्या उत्तरेला हेजमाडी कोडी, दक्षिणेला ससिहित्लू. कोडी म्हणजे टोक. वाळूची लांबट जीभ नदी आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेली असते आणि तिच्या शेंड्याला ते नाव आहे. पावसाळ्यात नद्या गाळ आणि वाळू आणतात, समुद्र ती मागे लोटतो, आणि या ओढाताणीत मुखासमोर पाण्याखाली वाळूचे दांडे तयार होतात. समुद्रातून येणारी लाट खोल पाण्यात नुसती एक हलकी उचल असते. लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट इतकीच खोली उरली की तिचा तळ वाळूशी अडतो, माथा पुढे जातो आणि ती फुटते. दांडा सरळ आणि किनाऱ्याला समांतर असेल तर लाट एकदम सगळीकडे कोसळते आणि तिच्यावर उभे राहण्यात काही अर्थ नसतो. दांडा तिरका असेल तर ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाक्रमाने फुटत जाते, जणू कोणी कापड एका कडेपासून फाडत नेले आहे, आणि सर्फिंग करणाऱ्याला नेमकी हीच लाट हवी असते. नदीच्या मुखाशी दांडे तिरके पडतात. मुल्कीचे सगळे वैभव त्या तिरकेपणात आहे.

लाटाही तिथल्या नव्हेत. आमच्या मार्गदर्शकाने पहिल्या दिवशी मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज उघडून दाखवला. त्यात एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंतचे अंतर 14 सेकंद असे दिले होते. इतक्या संथ लयीच्या लाटा जवळच्या वाऱ्याने उठत नाहीत. त्या विषुववृत्ताच्या पार पलीकडे, दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या असतात आणि पाच-सहा दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतात. मी वेंगुर्ल्याच्या अंगणात बसून ज्या लाटा मोजत असे, त्यांतल्याही कित्येक अशाच आलेल्या असणार, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आला.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. त्यांचा उपयोग मला मुल्कीला कळला. पहाटेपासून साधारण नऊ-साडेनऊपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि येणाऱ्या लाटेला समोरून हलकासा आधार देतो, त्यामुळे तिची भिंत गुळगुळीत राहते आणि ती क्षणभर उशिरा फुटते. मग वारा पडतो, दहाच्या पुढे समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होते. म्हणून सगळे सर्फिंग सकाळचे. आम्ही साडेपाचला उठत असू, उजाडायच्या आत आजी चहा ठेवत, आणि पहिल्या प्रकाशात आम्ही फळ्या डोक्यावर घेऊन वाळूवर असू.

आमचा मार्गदर्शक तिथल्याच मोगवीर कुटुंबातला, 24 वर्षांचा मुलगा. तो मला अक्का म्हणे. त्याने पहिला तासभर मला पाण्यात जाऊच दिले नाही. वाळूत फळीचा आकार रेखून त्यावर पालथे पडायचे, हात बरगड्यांजवळ टेकायचे, छाती उचलायची, आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणून उभे राहायचे, असे त्याने माझ्याकडून 40 वेळा करून घेतले. फळी नऊ फुटांची, वरून मऊ फोमची होती. नवख्या माणसाला तिचा मार बसत नाही आणि ती तरंगतेही चांगली. मागच्या पायाच्या घोट्याला दोरी बांधायची, म्हणजे पडल्यावर फळी दूर जात नाही. पाण्यात कमरेइतक्या खोलीवर तो माझी फळी धरून उभा राही, मागे वळून लाटा बघे, चार-पाच लाटा सोडून देई आणि एका लाटेला ‘अक्का, ही आपली’ म्हणून फळी हलकेच पुढे ढकले.

पहिले दोन दिवस मी गुडघ्यांवरून पुढे गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट सांगितली, ‘पायांकडे बघू नका, समोरच्या त्या वाकड्या नारळाकडे बघा.’ लाटेने फळीचे शेपूट उचलले, फेसाचा आवाज कानामागे आला, मी त्या वाकड्या नारळावर नजर ठेवली आणि उभी राहिले. चारच सेकंद असतील. पण त्या चार सेकंदांत फळीचे थरथरणे थांबले होते आणि पायांखालचे पाणी एखाद्या सपाट, वेगाने सरकणाऱ्या जमिनीसारखे लागत होते, ही संवेदना आजही माझ्या तळव्यांना आठवते. फळीखालून पाणी निसटताना रेशमी कापड ओढल्यासारखा एक बारीक आवाज येतो. किनाऱ्यावर उभे राहून तो कधीच ऐकू आला नसता. भाची गुडघाभर पाण्यात उभी राहून रडत होती आणि मीही रडत होते.

या किनाऱ्याचा भरती-ओहोटीचा हिशेबही मला नव्याने शिकावा लागला. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे वडिलांनी शिकवले होते, आणि तो हिशेब इथेही बहुतांशी जमला. पण मुंबईला उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, तसे इथे होत नाही. दक्षिणेकडे जावे तसा हा फरक कमी होत जातो आणि मंगळूरच्या बाजूला तो दीड मीटरच्या आसपास असतो. म्हणून इथला दांडा दिवसभर जवळजवळ सारख्याच खोलीवर राहतो. आम्ही गेलो तेव्हा अष्टमी होती, म्हणजे भांगाचे, कमी चढ-उताराचे पाणी, आणि पहिले तीन-चार दिवस समुद्र फार सौम्य होता.

त्रयोदशीला मात्र मी चूक केली. त्या दिवशी लाटा चांगल्या होत्या, मार्गदर्शक दुसऱ्या शिकाऊ मुलांना घेऊन थोडा दक्षिणेला गेला होता, आणि त्याने ‘अक्का, मुखाच्या बाजूला जाऊ नका’ असे सांगितलेले असतानाही लाटेमागून लाट घेत मी उत्तरेला सरकत गेले. अकरा वाजायला आले होते. पावणेदहाच्या सुमारास भरती पूर्ण होऊन ओहोटी लागली होती आणि पौर्णिमा जवळ असल्यामुळे नदीचे पाणी जोराने बाहेर पडत होते. माझ्याभोवती लाटा फुटायच्या थांबल्या तेव्हा मला बरेच वाटले, कारण पाणी शांत दिसत होते. त्या शांततेचा अर्थ मला माहीत नव्हता. जिथे लाट फुटत नाही तिथे पाणी खोल असते, आणि तिथूनच ते समुद्राकडे परत जात असते. पाण्याचा रंग गढूळ हिरवा होता, त्यावर फेसाचे ठिपके आणि सुरूच्या वाळक्या काटक्या समुद्राकडे चालल्या होत्या. वाकडा नारळ लहान होत चालला आहे हे लक्षात आले, तेव्हा मी किनाऱ्याच्या दिशेने हात मारू लागले आणि पाच मिनिटांत माझे दंड भरून आले.

मला आणले ते होडीवरच्या दोघा कोळ्यांनी. ते मुखातून जाळी टाकून परत येत होते. त्यांनी ओरडून काही सांगितले, ते तुळूत होते, पण हाताची खूण स्पष्ट होती: आडवी ये. किनाऱ्याकडे न येता किनाऱ्याला समांतर, दक्षिणेला. मी तसे केले, 50-60 हात गेल्यावर ओढ सुटली आणि एका फेसाळ लाटेने मला पोटावर पडल्या पडल्या वाळूत आणून सोडले. होडी तोपर्यंत माझ्या बाजूने चालत राहिली आणि मी उभी राहिल्यावरच वळली. पाण्याच्या ओढीत सापडलेल्या माणसाने फळी कधीही सोडू नये आणि ओढीच्या विरुद्ध कधीही पोहू नये, हे मला त्या आधी दहा वेळा सांगून झाले होते. ऐकणे आणि दंड भरून येणे यांत फार अंतर आहे. नदीच्या मुखाशी सर्फिंग करायला जाणाऱ्या प्रत्येकाने माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संध्याकाळी मी त्या दोघांना शोधत कोळीवाड्यात गेले. ते जाळे दुरुस्त करत बसले होते आणि माझे आभार त्यांनी हसून बाजूला सारले. त्यांच्याकडून मला रंपणीची गोष्ट कळली. आमच्या मालवणी किनाऱ्यावर जिला रापण म्हणतात, तीच इथली रंपणी: होडीने अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायची. सत्तरच्या दशकात यांत्रिक पर्ससीन जाळी आली आणि मोठ्या रंपण्या संपल्या. छोटी, काही माणसांनी हाताने ओढायची कैरंपणी तेवढी अजून चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढली जात असताना सर्फिंग करणारी सगळी मुले फळ्या वाळूत टाकून दोरीला लागली, आम्हीही लागलो. दोरी ओली, खरखरीत आणि विलक्षण जड होती. जाळ्यात बांगडे होते, थोडे तारले होते. वाट्याला आलेले सहा बांगडे आम्ही आजींकडे दिले आणि त्यांनी दुपारी नीर डोशाबरोबर त्यांची पुळीमुंची केली. पुळी म्हणजे आंबट, मुंची म्हणजे मिरची. आमच्या बांगड्याच्या तिखल्याची ती सख्खी बहीण आहे.

त्या कोळ्यांच्या बोलण्यात काळजी होती, ती समुद्र पुढे येण्याची. पावसाळ्यात ससिहित्लूचा किनारा झिजतो, सुरूची झाडे मुळांसकट जातात, आणि काही ठिकाणी दगड टाकून समुद्राला थोपवण्याचा प्रयत्न झालेला दिसतो. ज्याचे घर पाण्यापासून वीस पावलांवर आहे त्याने दगडांची भिंत मागितली तर त्याला नाही म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण भिंतीवर आदळलेली लाट पायथ्याची वाळू घेऊन परत जाते, आणि मुखाशी बांधलेले बंधारे किनाऱ्याने सरकणारी वाळू अडवून एका बाजूला साठवतात व दुसऱ्या बाजूला उपाशी ठेवतात, हेही तितकेच खरे आहे. मुल्कीपासून तासाभराच्या अंतरावर नेत्रावतीच्या मुखाशी बंधारे झाले आणि दक्षिणेकडच्या उळ्ळालची धूप वाढली. पुढे तिथे समुद्रात कृत्रिम रीफ, म्हणजे पाण्याखालचे बांध, बांधण्यासाठी आशियाई विकास बँकेचे कर्ज घ्यावे लागले. पुदुच्चेरीला ऐंशीच्या दशकात बंदर बांधले आणि शहरासमोरची पुळण गेली. वाळू स्थिर नसते. शांभवीचे मुखही कायम एका जागी राहत नाही, कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला सरकते, आणि तिला सरकायला जागा आहे म्हणूनच दरवर्षी नवा दांडा पडतो. तिथे पक्के रस्ते, हॉटेले आणि संरक्षक भिंती आल्या तर किनाऱ्यावर माणसे खूप येतील, पण ज्या लाटेसाठी ती येतील ती लाट उरणार नाही. किनाऱ्यावर काही करायचेच असेल तर भरतीरेषेपासून मागे, सुरूच्या रांगेच्या आत करावे आणि वाळूला तिची जागा द्यावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आमच्या वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंतच्या खाड्यांच्या मुखांकडेही मी आता याच नजरेने बघते.

शेवटच्या दिवशी परतीची गाडी दुपारची होती, त्यामुळे सकाळ हाती होती. चतुर्दशीचा मोठा चंद्र पहाटे मावळला होता आणि पाणी बरेच वर आले होते. आम्ही नेहमीच्या जागी, वाकड्या नारळासमोर फळ्या ठेवल्या, पण मार्गदर्शक काही वेळ समुद्राकडे बघत उभा राहिला. मग त्याने दक्षिणेकडे बोट दाखवले. उधाणाच्या पाण्याने दोन दिवसांत दांडा हलवला होता. कालपर्यंत आमच्या समोर फुटणारी लाट आता शंभरेक पावले पलीकडे फुटत होती आणि आमच्या समोर नुसते गढूळ, सपाट पाणी होते. भाचीने फळीचे पुढचे टोक धरले, मी मागचे, आणि आम्ही ओल्या वाळूतून तिकडे चालू लागलो.